पुस्तकांवर जीव टाकणाऱ्या कादंबरीला मुख्य यादीत जागा द्या

वाचनयाद्या ठरवणाऱ्या सर्व समिती-सदस्यांना,

सप्रेम नमस्कार.

शाळा-महाविद्यालयांच्या अवांतर वाचनासाठी, ग्रंथालयांच्या खरेदीसाठी, वाचनमंडळांच्या वर्षभराच्या कार्यक्रमासाठी पुस्तकांच्या याद्या तुम्ही करता. कोणत्या पुस्तकाच्या प्रती घ्यायच्या आणि कोणतं ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणून बाजूला सारायचं, हे तुमच्या बैठकीत ठरतं. म्हणून हे पत्र थेट तुम्हालाच लिहिते आहे.

मागणी एकच आहे. पुस्तकांच्या प्रेमाविषयीची, पुस्तकांच्या मोलाविषयीची एक तरी मनमुराद कल्पनारम्य कादंबरी तुमच्या मुख्य यादीत घ्या. मोठ्यांच्याही आणि किशोरांच्याही. तिला बालविभागात ढकलू नका, ‘हलकंफुलकं’ या मथळ्याखाली लपवू नका. चरित्रं, इतिहास आणि वास्तववादी कादंबऱ्या ज्या रांगेत बसतात त्याच रांगेत तिला बसवा.

वाचनाची गोडी लागावी, हा उद्देश जवळजवळ प्रत्येक यादीच्या सुरुवातीला लिहिलेला असतो. पुढे यादीत काय सापडतं? वाचनाचे फायदे सांगणारे लेख, वाचून मोठ्या झालेल्या माणसांची चरित्रं, शेवटी काहीतरी शिकवून जाणाऱ्या कथा. वाचल्याने शब्द वाढतात, लिहिणं सुधारतं, मन एका जागी ठरतं. यातलं काही खोटं नाही. पण फायदे ऐकून माणूस औषध घेतो, प्रेमात पडत नाही. आणि गोडी हा शब्द तुम्हीच वापरलेला आहे.

पुस्तक मोलाचं असतं, हे वास्तववादी कादंबरीत एखाद्या पात्राला बोलून दाखवावं लागतं. शिक्षक सांगतो, आजोबा सांगतात, आणि वाचणारा मान डोलावून पुढचं पान उलटतो. कल्पनारम्य कादंबरीला ते बोलावं लागत नाही. तिथे पुस्तकाच्या मोलावरच घटना घडतात. पुस्तक भूक भागवतं, पुस्तक विष चढवतं, पुस्तकापायी कुणी भुयारात उतरतं आणि परत येत नाही. लेखकाने हा नियम एकदा मांडला की तो शेवटपर्यंत पाळावा लागतो, आणि वाचकालाही त्या नियमाने जगावं लागतं. चारशे पानं तसं जगलेल्या माणसाला वाचनाचं महत्त्व पटवून द्यायची गरज उरत नाही.

मोघम बोलण्यापेक्षा एक कादंबरी समोर ठेवते. वाल्टर मोएर्स हे जर्मन लेखक आणि चित्रकार. २००४ साली त्यांची एक जाडजूड कादंबरी आली. स्वप्न पाहणाऱ्या पुस्तकांचं शहर, असा तिच्या नावाचा अर्थ. जॉन ब्राउनजॉन यांनी ती इंग्रजीत आणली. चित्रं मोएर्स यांनी स्वतःच काढलेली आहेत. नायक हिल्डेगुन्स्ट हा लेखक होऊ पाहणारा डायनोसॉर आहे. वय सत्त्याहत्तर, आणि त्याच्या जातीत हे वय अगदी कोवळं. ज्या वडीलधाऱ्याने त्याला लिहायला-वाचायला शिकवलं, तो मरताना त्याच्यासाठी एका अज्ञात लेखकाचं हस्तलिखित मागे ठेवतो. पानं मोजकीच, पण लिखाण इतकं निर्दोष की ते वाचून हिल्डेगुन्स्ट हसतो, रडतो आणि लेखकाच्या शोधात घराबाहेर पडतो.

तो पोचतो बुखहाइम नावाच्या शहरात. या शहराचा सगळा व्यवहार पुस्तकांवर चालतो. गल्लोगल्ली जुन्या पुस्तकांची दुकानं, छापखाने, लेखक, प्रकाशक, समीक्षक. शहराच्या खाली मैलोन्‌मैल पसरलेली भुयारं आहेत आणि त्यांत शतकानुशतकांची विसरलेली पुस्तकं पडून आहेत. दुर्मीळ प्रतींसाठी चिलखत घालून उतरणारे शिकारी तिथे एकमेकांच्या जिवावर उठलेले असतात. इथवर वाचलं तर वाटेल की ही साहसकथा आहे. आहेच. पण भुयारात खोलवर गेल्यावर हिल्डेगुन्स्टला बुखलिंग भेटतात, आणि माझ्या मते या कादंबरीचं काळीज तिथे आहे.

बुखलिंग हे बुटके, एकडोळे जीव. वर शहरात त्यांच्याविषयी भयंकर अफवा आहेत. प्रत्यक्षात ते एकच काम करतात. प्रत्येकाने एक लेखक निवडलेला असतो, त्याचंच नाव धारण केलेलं असतं आणि त्या लेखकाचं सगळं लिखाण अक्षर न् अक्षर पाठ करण्यात त्याचं आयुष्य जातं. त्यांचं पोट वाचनाने भरतं, खरोखरीचं. जास्त वाचलं की वजन वाढतं! पाहुणा आला की ते त्याच्याशी एक खेळ खेळतात. एकेकाने पुढे यायचं, आपल्या लेखकाच्या ओळी म्हणायच्या आणि पाहुण्याने तो लेखक कोण ते ओळखायचं. त्यांची नावं विचित्र वाटतात, पण नीट पाहिलं तर त्यांत खऱ्या लेखकांच्या नावांची अक्षरं उलटसुलट करून बसवलेली दिसतात. ओजाह्न गोल्गो फान फोन्टेवेग हे नाव रोमन लिपीत लिहून अक्षरं जुळवून पाहा, योहान वोल्फगांग फॉन गटे सापडेल. थट्टा आहे, पण ज्याने गटे वाचला आहे त्यालाच ती करता येते, आणि ज्याने वाचलेला नाही त्याला वाचावासा वाटायला लागतो.

एका वाचनगटात किशोरवयीन मुलांबरोबर मी मोठ्याने वाचन करते. वाचता वाचता त्यांच्यासाठी मराठीत सांगत जावं लागतं, तरी बुखलिंगांचं प्रकरण आलं की वर्ग ताब्यात राहत नाही. प्रत्येकाला सांगायचं असतं की तो कोणाचं लिखाण पाठ करणार. एका मुलीने एकच लहानसा संग्रह असलेली कवयित्री निवडली. पाठ लवकर होईल आणि मग समजून घ्यायला आयुष्य मोकळं राहील, हे तिचं कारण. मागे बसलेल्या एका मुलाने विचारलं, “ज्यांना कुणीच निवडलं नाही त्यांचं काय होणार?” वाचनाच्या महत्त्वावरचं कोणतंही भाषण मुलांना या प्रश्नापर्यंत नेऊ शकलं असतं, असं मला वाटत नाही. आणि यादी करायला बसलेल्या कोणत्याही समितीपुढे याहून मोठा प्रश्न नसतो.

ही कादंबरी पुस्तकांच्या जगाची नुसती आरती करत नाही, म्हणूनही ती मला मुख्य यादीत हवी आहे. तिच्यातलं पहिलं मोठं संकटच एका पुस्तकातून येतं. पानांना विष लावलेलं असतं आणि वाचता वाचता नायक कोसळतो. तिचा खलनायक पुस्तकांचा व्यापारी आहे. अतिशय उत्तम लिहिणाऱ्या एका लेखकाला त्याने अंधारात गाडलेलं आहे, कारण असं लिखाण लोकांनी एकदा वाचलं तर बाकीचा सुमार माल कोण विकत घेणार? हे वाचताना पुस्तक आणि बाजार यांचं नातं जितकं लख्ख कळतं तितकं ते मला एखाद्या अहवालातून कळलेलं नाही. सोळा वर्षांच्या वाचकाला ते कळतं, सत्तर वर्षांच्यालाही कळतं.

हे सगळं परक्या मातीतलं आहे, असं कुणी म्हणेल. त्यांच्यासाठी गुणाढ्याची कथा. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने रचलेल्या कथासरित्सागरात ती येते. सातवाहन राजाच्या दरबारातला गुणाढ्य एक पैज हरतो आणि त्यापायी संस्कृत, प्राकृत आणि देशी बोली या तिन्ही भाषा सोडतो. मौन धरून विंध्याच्या अरण्यात जातो. तिथे तो पिशाचांची भाषा शिकतो, आणि त्या भाषेत सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहितो. रानात शाई नाही, म्हणून स्वतःच्या रक्ताने. शिष्य ते बाड राजाकडे घेऊन जातात. राजा म्हणतो, भाषा पिशाचांची, अक्षरं रक्ताची, दूर न्या हे.

पुढचा प्रसंग मला जगातल्या कोणत्याही कल्पनारम्य कादंबरीच्या तोडीचा वाटतो. गुणाढ्य टेकडीवर अग्निकुंड पेटवतो. एक पान घेतो, भोवती जमलेल्या पशुपक्ष्यांना वाचून दाखवतो आणि आगीत टाकतो. मग दुसरं, मग तिसरं. हरणं, डुकरं, रेडे चरणं विसरून डोळ्यांत पाणी आणून ऐकत उभे राहतात. इकडे राजा आजारी पडतो. वैद्य म्हणतात, खाण्यात आलेलं मांस सुकं आहे. स्वयंपाकी पारध्यांकडे बोट दाखवतात. पारधी सांगतात, रानात एक ब्राह्मण पान पान वाचून जाळतो आहे आणि जनावरं खाणंपिणं सोडून ऐकत बसली आहेत. राजा धावत जातो, पाया पडतो, बाड मागतो. तोवर सहा लाख श्लोकांची राख झालेली असते. उरलेला एक लाख त्याच्या हाती येतो.

पुस्तक नाकारलं तर राज्याचं अन्न नि:सत्त्व होतं! पुस्तकाचं मोल सांगायला याहून नेमकी घटना कुणी रचावी? यात उपदेशाचं एक वाक्य नाही. जनावरं चरायची थांबतात आणि राजाच्या ताटात त्याचा परिणाम दिसतो, बस. गुणाढ्याची मूळ बृहत्कथा आज उपलब्ध नाही, तिच्यावरून नंतर रचलेले ग्रंथच आपल्यापर्यंत आले. म्हणजे कथेतल्या आगीतून बचावलेला भागही पुढे काळाने नेला. तेव्हा पुस्तकांवरच्या अद्भुत कथेला ‘आपल्या परंपरेत बसत नाही’ म्हणून खोडणाऱ्या सदस्यांनी ही गोष्ट एकदा शांतपणे वाचावी, अशी विनंती आहे. परंपरेत ती पहिल्यापासून बसलेली आहे.

दुसरा आक्षेप नेहमीचा. अशा गोष्टींनी डोकं भलतीकडे जातं, ही वास्तवापासून पळवाट आहे. हा आक्षेप नवा नाही, आणि त्याचं चित्र १६०५ साली स्पॅनिश लेखक सर्व्हांतेसने ‘डॉन किहोते’ (डॉन क्विक्झोट) या कादंबरीत काढून ठेवलं आहे. शौर्यकथा वाचून वाचून डॉन किहोतेचं डोकं फिरलं, म्हणून गावचा पाद्री आणि न्हावी त्याच्या पुस्तकांच्या खोलीत शिरतात. घर सांभाळणारी बाई पवित्र पाण्याचं भांडं घेऊन येते, पुस्तकांतले जादूगार अंगावर येऊ नयेत म्हणून आधी खोलीत शिंपडा, असं तिचं म्हणणं. मग एकेक पुस्तक उचलून निवाडा होतो, हे जाळा, हे ठेवा. आणि गंमत अशी की पाद्रीला ती पुस्तकं चांगली ठाऊक आहेत. काहींची तो मनापासून स्तुती करतो, काही वाचवतो, एक तर न्हाव्याला घरी नेऊन वाचायला सांगतो. थोड्या वेळाने तो कंटाळतो, आणि उरलेली पुस्तकं न उघडताच आगीच्या वाटेला लागतात.

मला त्या प्रकरणातली सर्वांत जड जागा ती वाटते. वाईट म्हणून नाकारलेल्या पुस्तकांचं दुःख वेगळं. कंटाळा आला, वेळ संपला, म्हणून न उघडलेल्या पुस्तकांचं वेगळं. मुखपृष्ठावर ड्रॅगन दिसला, आत चित्रं दिसली, की पुस्तक आपोआप लहान मुलांच्या गठ्ठ्यात जातं, तेव्हा ते न उघडताच बाहेर पडलेलं असतं. कृपा करून उघडा.

राहिला वास्तवाचा मुद्दा. पुस्तकांच्या बाबतीत वास्तव कुठे संपतं ते सांगणं अवघड आहे. पोर्तुगालमधल्या कोइंब्रा विद्यापीठाच्या जुन्या ग्रंथालयात वटवाघळं राहतात. रात्री ती बाहेर पडतात आणि पुस्तकं पोखरणारे किडे खातात. त्यांची घाण पडू नये म्हणून संध्याकाळी टेबलांवर कातडी आच्छादनं टाकली जातात आणि सकाळी खोली साफ होते. एखाद्या कादंबरीकाराने हे रचलं असतं तर त्याला आपण कल्पक म्हटलं असतं. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात इटलीतल्या हर्क्युलेनियम गावातल्या एका वाड्यातल्या पपायरसच्या ग्रंथांच्या गुंडाळ्या जळून कोळसा झाल्या. अठराव्या शतकात त्या सापडल्या, पण उलगडायला गेलं की अनेकींचा चुरा होई. २०२३ मध्ये क्ष-किरणांनी घेतलेल्या प्रतिमा आणि संगणक यांच्या मदतीने त्यांतल्या एका बंद गुंडाळीतला एक ग्रीक शब्द, गुंडाळी न उघडता, वाचता आला. त्या शब्दाचा अर्थ होता ‘जांभळा’.

आणि आफ्रिकेतल्या माली देशातलं टिंबक्टू. २०१२ मध्ये शहर सशस्त्र गटांच्या ताब्यात गेलं, तेव्हा तिथल्या ग्रंथपालांनी आणि पिढ्यान्‌पिढ्या हस्तलिखितं जपणाऱ्या घरांनी ती पत्र्याच्या ट्रंकांत भरली. गाड्यांतून, नायजर नदीवरच्या होड्यांतून, तपासणी नाक्यांना चुकवत ती राजधानी बामाकोला पोचवली. लाखो हस्तलिखितं अशी हलली. ज्या मुलाने बुखलिंगांची भुयारं वाचली आहेत त्याला ही बातमी वाचताना, माणसं कागदांसाठी जीव धोक्यात का घालतात असं विचारावं लागणार नाही. कल्पनारम्य कादंबरी वास्तवापासून पळवून नेते म्हणणाऱ्यांना माझं उत्तर हे आहे.

निवड मात्र नीट करा, हेही तितक्याच कळकळीने सांगते. पुस्तकांविषयीची प्रत्येक अद्भुत कादंबरी चांगली नसते. सध्या या प्रकाराची चलती आहे आणि बरीच पुस्तकं वाचकाची खुशामत करण्यापलीकडे जात नाहीत. उबदार दिवे, जिने, मांजर, गूढ दुकानदार, आणि ‘तू वाचतोस म्हणून तू इतरांपेक्षा वेगळा’ असा पानापानांतून येणारा दिलासा. त्यांत पुस्तकं दिसतात, वाचलेली दिसत नाहीत. पात्रांना एकही ओळ पाठ नसते, कुणी कुणाशी एखाद्या पुस्तकावरून भांडत नाही. मी निवडताना दोन गोष्टी पाहते. या कादंबरीत वाईट पुस्तकं आहेत का? आणि पुस्तकावरच्या प्रेमाची कुणाला काही किंमत मोजावी लागते का? मोएर्सच्या कादंबरीत दोन्ही आहे, गुणाढ्याच्या कथेत दोन्ही आहे. जर्मन लेखक मिखाएल एन्डे यांची १९७९ची ‘अनंत कथा’ घ्या. वाचणारा मुलगा पुस्तकात शिरतो, तिथे त्याची प्रत्येक इच्छा पुरी होते आणि दर इच्छेमागे त्याची स्वतःच्या जगातली एक आठवण पुसली जाते. पुस्तकात हरवून जाणं धोक्याचंही असतं, हे इतक्या प्रेमाने सांगणारा लेखक वाचनाचा शत्रू नसतो. असंच पुस्तक यादीत हवं.

यादीत घेतल्यावर त्याचं काय करायचं, त्याबद्दलही थोडं. त्यावर प्रश्नपत्रिका काढू नका. ‘या कादंबरीतून कोणता बोध मिळतो’ हा प्रश्न तर अजिबात नको, त्या प्रश्नाने बुखलिंग उपाशी मरतील. जाडीला घाबरून संक्षिप्त आवृत्ती शोधू नका. अशा कादंबरीत आडवाटेच्या याद्या, खोट्या ग्रंथांची नावं, मध्येच घुसलेल्या कविता हाच अर्धा आनंद असतो, आणि संक्षेपात नेमकं तेच कापलं जातं. ज्याला अर्ध्यावर सोडायचं असेल त्याला सोडू द्या. ज्याला पानं गाळून पुढे जायचं असेल त्याला जाऊ द्या. मोठ्याने वाचायला वेळ द्या, आठवड्यातून एकदा का होईना. आणि मोठ्यांच्या वाचनमंडळांना विशेष सांगणं आहे. हे पुस्तक मुलांना वाचून दाखवण्यापुरतं घेऊ नका, स्वतःसाठी घ्या आणि स्वतःच्या चर्चेला ठेवा.

मराठीत या जातीचं लिहिणारे आणि अनुवाद करणारे लोक तुमच्याकडे पाहत असतात, हेही ध्यानात असू द्या. यादीत जागा नाही म्हणून प्रकाशक हात आखडता घेतो, प्रकाशक घेत नाही म्हणून लेखक लिहीत नाही, आणि लिहिलेलंच नाही म्हणून तुम्हाला यादीत घालायला काही मिळत नाही. हे चक्र कुणी एकाने थांबवायचं तर ते तुम्हालाच शक्य आहे, कारण लेखकाला वर्षं लागतात आणि तुम्हाला एक ओळ लिहायची असते.

पुढच्या बैठकीत, मतदानाआधी, कुणीतरी एका सदस्याने अशा एखाद्या कादंबरीची पहिली दोन पानं सगळ्यांना वाचून दाखवावीत. मोएर्सची घेतलीत तर ती भित्र्या वाचकांना दारातूनच परत पाठवू पाहते, पुस्तक पुन्हा गठ्ठ्यात ठेवून द्या म्हणते. तिथे थांबायचं की पुढे वाचायचं, ते बैठकीने ठरवावं.

आपली,
एक वाचक